बाहेरचा गोंगाट

“बाहेरचा सगळा गोंगाट काढून टाकलाय, आजी. आता सरांचा आवाज कसा स्वच्छ येतोय ऐका,” असं म्हणत अभिलेखागारातल्या त्या मुलीने हेडफोन माझ्यापुढे धरले, आणि कुणीतरी कानशिलात भडकवावी तसं मला झालं. हातातला चहाचा पेला मी टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच असणार, कारण तिने लगबगीने शेजारचं यंत्र बाजूला सरकवलं. “कसला गोंगाट?” मी विचारलं. “अहो, वर्गाच्या खिडकीतून येत होता तो. आरडाओरडा, धावपळ, मध्येच काहीतरी धपाधप आपटल्यासारखं. खाली पटांगणात खेळबिळ चालला असेल त्या दिवशी.” ती हसली. तिचे दात फार चांगले आहेत. माणसाचे दात फरशीवर पडल्यावर किती लहान दिसतात हे तिला ठाऊक नसणार, आणि ठाऊक नाही हेच बरं, असं मला एरवी वाटलं असतं. त्या क्षणी मात्र तिची मान धरून तिला त्या पटांगणात नेऊन उभं करावं, दाखवावा तिला खेळ, असं वाटलं. माझे हात आता काडीसारखे झाले आहेत. पण हातांना ते अजून कळलेलं नाही.

विद्यापीठाचं अभिलेखागार ग्रंथालयाच्या तळघरात आहे. ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तिला खिडकी नाही, एकच दार, आणि ते वाचनकक्षात उघडतं. तिथे कुणी कुजबुजलं तरी बाकीचे माना वर करतात. बंद खोलीत मला गुदमरतं, म्हणून दार उघडं राहू दे असं मी आल्याआल्याच सांगितलं होतं. अभिलेखागाराचे प्रमुख कायम पांढरे सुती हातमोजे घालून वावरतात. मी मनात त्यांना हातमोजेवाले म्हणते. न्हाऊ घातलेलं मूल उचलावं तशी ते प्रत्येक वस्तू उचलतात. त्यांनी मला सगळं हौसेने फिरवून दाखवलं होतं. काचेवर काढलेले जुने फोटो, त्यांतले ताठ बसलेले प्राध्यापक. पदवीदानाचे झगे, कापूर घालून ठेवलेले. प्रयोगशाळेतल्या स्फोटात वितळून गोळा झालेली काच. डॉक्टरकीच्या पोरांनी शिकण्यासाठी शाईने आकडे घातलेली कवटी, ती कुणाची, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, “विद्यापीठाचीच.” एका खणात घडी करून ठेवलेला मोर्चाचा फलक, आणि त्याच्या शेजारी, बिल्ला बांधलेलं, एक दांडकं. “हे त्या काळातल्या बंदोबस्ताचं,” ते म्हणाले. “लाकूड बघा बाई, अजून कीड नाही लागलेली.” मी बघितलं. टोकाला लोखंडी कडं होतं. माझा डावा कान, जो त्या दिवसापासून मेलेला आहे, आतून ठणकला. मेलेलं ठणकतं हे डॉक्टरांना पटत नाही.

पुढच्या कपाटात अण्णांचा खण होता. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर इथे इतिहास शिकवला, आणि आता तळघरातल्या नव्या दालनाला त्यांचं नाव देणार आहेत. त्यांची छत्री, चष्मा, झगा, सगळं मीच दिलं होतं, घरात ठेवून तरी काय करायचं म्हणून. श्रवणयंत्रसुद्धा दिलं होतं. त्यावर चिठ्ठी होती, ‘प्राध्यापकांचे श्रवणयंत्र, उत्तम स्थितीत’. उत्तम स्थितीत असणारच. त्यात अण्णांनी कधी बॅटरी घातली नव्हती.

मी आले होते ते यातलं काही बघायला नव्हे. त्या एका वर्षी विद्यापीठाने, बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी, अण्णांची व्याख्यानं रिळांवर घेतली होती. ती रिळं कुठल्याशा माळ्यावर सापडली, आणि हातमोजेवाल्यांनी फोनवर सहज सांगितलं की त्यांत त्या दिवसाचंही आहे, संपाच्या दिवसाचं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच उभी होते. सूनबाई म्हणाली, “कुणी गेलं का?” मी म्हटलं, “नाही गं. कुणीतरी येणार आहे.” तिला वाटलं म्हातारी भ्रमली. मला एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती ऐकायला माझ्याकडे एकच कान उरला आहे. मी हेडफोन लगेच लावले नाहीत. “मूळ रीळ लाव,” मी म्हटलं, “गाळलेलं नको.” मुलगी गोंधळली. मग तिने एक चपटा डबा उघडून दाखवला. आत तपकिरी भुगा होता आणि पारदर्शक फीत. “जुनी रिळं चिकट होतात, आजी. मंद आचेवर भाजून घ्यावी लागतात, मग एकदा वाजतात. एकदाच. वाजता वाजता सगळं झडून जातं. बाकीच्या रिळांवर पंख्याची घरघर होती, ती काढायला मी गाळणी लावली होती, ती या रिळाच्या वेळी तशीच चालू राहिली. म्हणजे साठवलं गेलं ते गाळलेलंच. पण उलट बरंच झालं ना? रीळ फिरत होतं तेव्हा स्पीकरवर नुसता कल्ला. सरांचं एक वाक्य धड कळेना.”

“त्या कल्ल्यात कुणी हाक मारत होतं का?”

“हाक?” तिने डोळे बारीक केले. खरंच आठवायचा प्रयत्न केला तिने, ते मी बघितलं. “असेल, आजी. माझं लक्ष नव्हतं. मी यंत्रावरच्या आवाजाच्या काट्याकडे बघत होते.”

म्हणजे माझ्या भावाचा आवाज शेवटचा ऐकणारी ही मुलगी, आणि ती काट्याकडे बघत होती. मी तिच्या कानांकडे पाहिलं. छोटे, गोरे, दोन्ही शाबूत. त्यांतून तो आत गेला होता आणि कुठेच न थांबता निघून गेला होता. ते कान उपटून हातात घ्यावेत, शिंपल्यासारखे माझ्या कानाला लावावेत, असं काहीतरी भयंकर माझ्या मनात येऊन गेलं. तिने मला पाणी दिलं. मी ते प्याले, “बाळ” म्हणाले. माणूस किती सराईतपणे “बाळ” म्हणतो.

भावाला आम्ही बोका म्हणायचो. रात्री उशिरा नळाच्या पाइपवरून चढून माझ्या खोलीच्या खिडकीतून यायचा म्हणून. प्राध्यापकांच्या वसाहतीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मी खिडकी नुसती लोटून ठेवायची. तो आत उडी मारायचा, माझ्या पायांवरून चालत जायचा आणि म्हणायचा, “म्याव म्हटलंय, सांगू नकोस.” अण्णांना सगळं माहीत असायचं. सकाळी ते वर्तमानपत्राआडून म्हणायचे, “काल रात्री मांजर आलं होतं वाटतं. दूध झाकून ठेवत जा.” इतकंच. आमच्या घरात तेव्हा रागसुद्धा असा मऊ होता. अण्णांचा आवाज मला आठवतो तो त्या घरातला: दाराबाहेर छत्री झटकताना माझ्या नावाने मारलेली लांब हाक, जेवताना बोक्याशी घातलेले वाद, आईला उगाच छळताना काढलेला बारीक सूर. तसं घर पुन्हा कुठे बघितलं नाही. म्हणूनच पुढचं मला कधी नीट जोडता आलं नाही. बशी फुटली तर तुकडे तरी सापडतात.

त्या वर्षी फी वाढवली, विरोध केला म्हणून काही मुलांना काढून टाकलं, आणि संप झाला. बोका पुढे होता, मी पहिल्या वर्षाला, त्याच्या मागे. सकाळी अण्णा कोट चढवताना म्हणाले, “माझा तास होणार आहे. खिडकीखाली धिंगाणा नकोय मला.” बोका म्हणाला, “तुमच्या तासाला लोक झोपतात, अण्णा. आम्ही उठवायला येतोय.” आई खुदकन हसली. अण्णांना हसू आलं होतं, ते त्यांनी कोटाच्या बटणांत लपवलं. ते चौघांचं शेवटचं हसणं. मी ते फार जपून वापरते. वारंवार काढलं तर झडून जाईल.

पटांगणाच्या एका बाजूला इतिहासाची इमारत, तिच्या दगडी पायऱ्या, आणि वर बरोबर पायऱ्यांवरती अण्णांच्या वर्गाची खिडकी, उघडी. पोलीस फाटकातून नाही आले, फाटक बाहेरून बंद करून मागच्या बाजूने आले, म्हणून पळायला पायऱ्याच उरल्या. दांडकं माणसावर पडतं त्याचा आवाज लोकांना वाटतो तसा नसतो. तो ओल्या गादीसारखा असतो. हाडावर पडलं तरच कोरडा येतो. माझ्या पुढच्या मुलीची वेणी एकाने हाताला गुंडाळली आणि तिला पायऱ्यांवरून खाली ओढत नेलं, तिची टाच प्रत्येक पायरीवर आपटत होती. एकाने चष्मेवाल्या मुलाच्या तोंडावर बुटाने दाबलं, काच आत गेली. बोका माझ्यावर आडवा झाला. त्याच्या पाठीवर पडणारा प्रत्येक घाव मला त्याच्या छातीतून कळत होता, जशी शेजारच्या घरातली वस्तू पडलेली भिंतीतून कळते. मग त्यांनी त्याला पायांनी धरून माझ्यावरून ओढून काढलं. मी उठले, धावले, आणि माझ्या डाव्या कानावर ते कडं बसलं. तेव्हापासून जगात एक बारीक शिट्टी सुरू झाली. त्या घटकेला बाकी सगळं बंद. लोकांची तोंडं उघडत होती, दांडकी वरखाली होत होती, आणि कशाचाच आवाज नाही, फक्त ती शिट्टी. बोका पायरीवर उताणा होता. एक जण त्याच्या छातीवर गुडघा ठेवून बसला होता आणि दुसरा निवांतपणे, लाकूड फोडावं तसा अंदाज घेऊन, मारत होता. बोक्याचे डोळे वर होते, खिडकीकडे. तोंड उघडत होतं. अण्णा. मला ते तोंड ओळखायला आवाज लागत नव्हता. घरात मी ते जन्मापासून बघत होते. अण्णा. पुन्हा अण्णा. आणि मग वरची खिडकी लागली. एक हात आला, एक झडप, दुसरा हात आला, दुसरी झडप. कुणाचे हात, दिसलं नाही. काचेत आभाळ आलं. बोक्याने खिडकी लागलेली बघितली. तेवढं नक्की बघितलं, कारण त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. चौकशी झाली, तिच्यात अण्णांनी सांगितलं, “माझा तास चालू होता. मला काही ऐकू आलं नाही.” तेच घरी आईला सांगितलं. तिने, आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या बाईने, पूर्ण घशाने ओरडून विचारलं, “चहा घेणार का?” ते दचकले. “तुम्हाला ऐकू येत नाही ना!” ती ओरडली. “म्हणून मोठ्याने विचारलं!” त्या दिवसापासून ती त्यांच्याशी दुसऱ्या आवाजात बोललीच नाही. जेवण वाढलंय! दिवा घालवा! तुमचे मोजे! खिडक्यांची तावदानं थरथरायची. तिच्या मानेवर शीर उभी राहायची. एकदा तिने उकळत्या पाण्याची किटली त्यांच्या डोक्याशेजारून भिंतीवर फेकली आणि ओरडली, “ही तरी ऐकू आली का?” अण्णांनी खाली वाकून झाकण उचललं, पुसलं, जागेवर ठेवलं. शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं की मुलाच्या धक्क्याने सरांचे कान गेले. तेही मोठ्याने बोलू लागले. विद्यार्थीही. शेवटी विद्यापीठानेच ते यंत्र भेट दिलं, हार घालून, आणि अण्णांनी ते मान वाकवून कानावर चढवून घेतलं. मला त्या वेळी त्यांची कीव आली. अर्ध्या कानाच्या मुलीला बहिऱ्या बापाची कीव. आम्ही दोघं एकमेकांचे झालो होतो त्या घरात, आईच्या आरोळ्यांखाली.

कारण माझ्याजवळ एक शंका होती, आणि त्या शंकेवर मी त्यांना सांभाळलं. मी बोक्याजवळ होते, तरी मला काही ऐकू आलं नव्हतं. त्याचं तोंड उघडत होतं, पण आवाज बाहेर पडत होता का? छातीवर गुडघा असलेल्या माणसाला श्वास किती येणार? नसेल आला. नुसतेच ओठ हलले असतील. मग वरच्या माणसाला काय ऐकू येणार? खिडकी कुणा भित्र्या पोराने लावली असेल. आई गेली तेव्हाही मी हेच धरून होते. अण्णा अंथरुणाला खिळल्यावर रोज त्यांची दाढी मीच करायची. एकदा वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता, घाटीच्या जरा खाली, जिथे कातडी सैल पडते. माझा हात थांबला. मी त्यांच्या कानाशी नाही, तिथूनच, श्वासाइतक्या हळू विचारलं, “अण्णा, ऐकू आलं होतं ना?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट उचलून कानाला लावलं, आणि नाही म्हणून मान हलवली. वस्तऱ्याखाली मान हलवली. फेसात लाल रेघ उमटली. इतकं हळू विचारलेलं त्यांना कळलं कसं, हे मला भांड्यातलं पाणी ओतताना सुचलं. मग मी स्वतःलाच समजावलं, ओठ वाचले असतील. मीही ओठच वाचले होते. त्यानंतर काही दिवसांनी ते गेले आणि मी त्यांच्यासाठी पोटभर रडले, आईसाठी रडले नव्हते इतकी. रिळावर हाक असती तर मला कळलं असतं. नसती तर मी अण्णांना शेवटचं माफ केलं असतं, त्या दालनाची फीत कापली असती. आता गाळणीने दोन्ही नेलं होतं.

“ऐका तरी,” मुलगी म्हणाली. “मी इतकी मेहनत घेतलीय.”

मी हेडफोन चढवले. आणि अण्णा बोलले. बहिरे व्हायच्या आधीचे अण्णा, छत्री झटकणारे. माझ्या उजव्या कानात, इतक्या जवळून की त्यांच्या जिभेचा ओला आवाजही ऐकू यावा. एका जुन्या नगराच्या वेढ्याबद्दल सांगत होते. शेवटच्या महिन्यात लोकांनी जोडे उकळून खाल्ले. आत घ्या म्हणून वेशीबाहेर राहिलेली माणसं दारावर डोकी आपटत होती, पण दार उघडलं असतं तर नगर गेलं असतं, म्हणून पहारेकऱ्यांनी कानांत मेण घातलं. छान सांगत होते. मी गालांवरचं पाणी पुसलंसुद्धा नाही. खाली, त्या स्वच्छ शांततेखाली, बोक्याला मारत होते, आणि काही ऐकू येत नव्हतं. इथेही शिट्टीच, बारीक, माझीच. मग एका वाक्याच्या मध्ये अण्णा थांबले. पोकळी. पुन्हा सुरू केलं, तेच वाक्य, पहिल्यापासून. पुन्हा थांबले. लांब पोकळी. त्या पोकळीत कुणीतरी त्यांना काही विचारलं असावं, कारण त्यांनी उत्तर दिलं, तोंड बाजूला वळवून, हलक्या, घरातल्या आवाजात: “ऐकू येतंय मला.” मग जरा थांबून: “खिडकी लावून घ्या.” खाकरले. “तर, मेण.”

मुलीने यंत्र थांबवलं. “हां, हे एवढं राहिलंय बघा. कल्ल्याखाली दबलेलं असणार, तो गेल्यावर वर आलं. कुणा विद्यार्थ्याने काहीतरी विचारलं असेल, त्याचा आवाज लांबचा, तो गेला गाळणीत. कापून टाकते. व्याख्यानातलं नाही ना ते.”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. ती मागे सरली. म्हणजे माझा आवाज तसा निघाला असणार.

“बरं, बरं. नाही कापत. काय करू मग?”

“मागे घे. थांबतात तिथून लाव.”

तिने लावलं. जोडे, वेस, मेण. वाक्याच्या मध्ये अण्णा थांबले. पोकळी आली, पांढरी, धुतलेली, हातमोज्यांसारखी. माझ्या छातीवरून काहीतरी उठलं, गुडघ्याएवढं. मी तोंड उघडलं, त्याचं तोंड उघडायचं तसं, आणि हाक मारली, “अण्णा!” हेडफोन लावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. मुलीची खुर्ची मागे फरफटली, उघड्या दारातून वाचनकक्षातली सगळी डोकी वर झालेली मला दिसली. अण्णांनी वाक्य पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा थांबले. “अण्णा!” माझा घसा फाटला, आईसारखी मानेवर शीर उभी राहिली असेल. “अण्णा! अण्णा!”

“ऐकू येतंय मला,” ते म्हणाले.

मुलगी घाईघाईने उठली. वाचनकक्षाकडे बघत तिने माफी मागितल्यासारखा हात केला, आणि दार लावून घेतलं.